वळीव आणि शिडाची होडी

'चार महिने पाऊस, मे महिन्यात वळीव; मग नाशिकात शिडाची होडी घेऊन करायचं काय?' असं विचारून होडी विकत घेऊ नका असा सल्ला मिळतो. सवाल रास्त आहे. पण माझं रडगाणं उलटं. गंगापूर धरणावर हिवाळ्यात सकाळी वारा इतका पडलेला असतो की शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबतं, आणि मी वल्हं मारत काठाला! वळवाचं मात्र खरं. मागच्या मे महिन्यात चारच्या सुमारास आभाळ काळवंडलं, वारा एकदम थांबला. दोन मिनिटांत ढगातून कोसळलेल्या गार हवेचा झोत आला नि होडी आडवी. लाइफ जॅकेट होतं म्हणून निभावलं. आता मे महिन्यात दुपारनंतर होडी पाण्यात घालत नाही. विकत घेऊ नका हे पटलं; कुणाची तरी मागून घ्या.