'सेल्फ-प्ले'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : यंत्रशिक्षणावरचा एक लेख मराठीत आणताना 'सेल्फ-प्ले'पाशी अडले आहे. बुद्धिबळ किंवा गो खेळणारी प्रणाली स्वतःविरुद्ध लाखो डाव खेळून तरबेज होते, त्या पद्धतीचं हे नाव. 'स्वयंखेळ', 'स्वस्पर्धा', 'आत्मस्पर्धा' असे तीन शब्द सुचले. कोणता घ्यावा?

उत्तर : 'स्वयंखेळ' तर नकोच. 'स्वयं' लागला की 'आपला आपण' असा अर्थ होतो : स्वयंचलित, स्वयंसिद्ध. समोर कोणी नसतं. स्वयंखेळ म्हटलं की कोपऱ्यात एकटंच खेळत बसलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. इथे समोर कोणीतरी हवंच, फक्त ते आपलंच रूप असतं. हे समोरासमोर असणं मराठीत '-शी' हा एवढासा प्रत्यय सांगतो : कोणाशी बोलणं, कोणाशी भांडणं. म्हणून मी 'स्वतःशी खेळणे' म्हणेन.

'आपलंच रूप' हे अगदी शब्दशः घ्या. आयबीएममधल्या आर्थर सॅम्युएल यांनी १९५९च्या लेखात चेकर्स खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन प्रतींचं वर्णन केलं आहे, अल्फा आणि बीटा. अल्फा प्रत्येक खेळीनंतर आपले गुणक (पटावरची स्थिती किती चांगली हे मोजताना कशाला किती महत्त्व द्यायचं ते आकडे) बदलायचा, बीटा डावभर होता तसाच राहायचा. अल्फा जिंकला की ते नवे गुणक बीटाला मिळायचे आणि पुन्हा डाव सुरू. २०१७च्या अल्फागो झीरो या गो खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही तीच कल्पना आहे. नवी आवृत्ती आधीच्या सर्वोत्तम आवृत्तीशी ४०० डाव खेळायची आणि ५५ टक्क्यांहून जास्त जिंकली तरच तिची जागा घ्यायची. यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, 'वरचढ'. लेखात तो जरूर वापरा.

'स्पर्धा' मात्र मला खटकते. स्पर्धेत जिंकणं हे फळ. इथे जिंकणारा तोच आणि हरणाराही तोच, मग जिंकून मिळालं काय? मिळते ती नोंद : पटावरची प्रत्येक स्थिती आणि तिथून खेळणाऱ्या बाजूच्या वाट्याला शेवटी आलेला निकाल. हरलेल्या बाजूच्या स्थितीही तितक्याच उपयोगी पडतात. शिवाय 'कालच्या स्वतःशी स्पर्धा करा' हे प्रेरणादायी भाषणांत इतकं ऐकलेलं आहे की वाचक तिकडेच जाईल.

प्रश्न : पण 'स्वतःशीच हसली', 'स्वतःशीच पुटपुटला' यातही '-शी' आहे आणि समोर कोणीच नाही!

उत्तर : बरोबर पकडलंत. माझं वरचं म्हणणं अपुरं होतं. हसणं, पुटपुटणं या एकट्याने होणाऱ्या क्रिया आहेत, म्हणून तिथे '-शी' मनातल्या मनात राहते. 'खेळणे'ही एकट्याने होऊ शकतं. तेव्हा 'डाव' हा शब्द सोडू नका. डाव मांडला की दोन बाजू आल्या. 'स्वतःशी डाव खेळणे' म्हटलं तर घोटाळा उरत नाही.

दोन वेगळी जाळी (न्यूरल नेटवर्क) एकमेकांना घडवतात, एक बनावट चित्रं काढतं आणि दुसरं ती ओळखतं, ही २०१४ची 'गॅन' (GAN) पद्धत यात घालू नका. तिथे 'स्व' नाही. तिला 'चढाओढ' शोभेल.

आणि दर वेळी नाम हवंच असं नाही. लेखात सरळ असं वाक्य लिहा : 'माणसांचा एकही डाव न पाहता अल्फागो झीरो तीन दिवसांत स्वतःशी सुमारे ४९ लाख डाव खेळला.'