घरातल्या सगळ्यांची कामं एका जागी कशी लावता? ड्यूटी, शाळा, दवाखाना, शेती, सगळंच

भुसावळची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा यावल तालुक्यात, रोजचं अप-डाऊन. हे मालगाडीवर लोको पायलट आहेत. मेल-एक्स्प्रेसवाल्यांना निदान लिंक (ठरलेलं ड्यूटीचं वेळापत्रक) असते, त्यामुळे आठवड्याचा अंदाज बांधता येतो. मालगाडीवाल्यांना कॉल आला की निघायचं. इगतपुरी लागेल की बडनेरा, परत कधी येणार, काहीच आधी सांगता येत नाही. ड्यूटीवर मोबाईल बंद, म्हणजे मी काही विचारलं तरी उत्तर रनिंग रूमला (बाहेरगावच्या विश्रांतीच्या जागी) पोचल्यावरच.

मुलगी दहावीला, मुलगा पाचवीत. सासूबाईंना शुगर आणि बीपी, त्या आमच्याकडे असतात. सासरे सावद्याकडे गावी केळीची बाग बघतात आणि बाजाराच्या दिवशी इकडे येतात. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे.

क्लासची फी कधी भरायची, सासूबाईंची तीन महिन्यांची शुगर कधी तपासायची, मुलाचा प्रकल्प कधी द्यायचा, गॅस कधी लावला, बागेत खत सोडायला माणूस कधी येणार, हे सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात असतं. व्हॉट्सॲपवर घरचा ग्रुप आहे, पण तिथे सकाळी टाकलेलं काम संध्याकाळपर्यंत सुप्रभात आणि लग्नाच्या फोटोंखाली जातं. शाळेत तास चालू असताना मध्येच आठवतं आणि जीव अर्धा होतो.

कोणी मोबाईलवर घराची नीट व्यवस्था लावली आहे का? इंग्रजी ॲप नको. सासूबाईंना वाचता येतं, पण मराठीच.

---

जुने_रनिंगवाले

ताई, मीही भुसावळचाच, आता निवृत्त. एक गोष्ट सांगतो. पुढच्या ड्यूटीचा अंदाज लिहायला जाऊ नका, तो चुकणारच. लिहायची ती रेस्ट. मुख्यालयाला उतरल्यावर ड्यूटी आठ तास किंवा जास्त झाली असेल तर १६ तासांची विश्रांती मिळते, कमी झाली असेल तर १२. तुमच्या साहेबांनी साइन ऑफ केलं, म्हणजे ड्यूटी संपवली, की तेवढा पट्टा कॅलेंडरमध्ये टाकायचा, ‘घरी’ एवढंच लिहायचं. घरातली मोठी कामं त्या पट्ट्यात बसवा. बँक, आईचा दवाखाना, पालकसभा. पण पहिले सहा-सात तास झोपेचे सोडा. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला सकाळी दहा वाजता रांगेत उभं करू नये.

आमच्या वेळी सौ. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने लिहायच्या. पद्धत तीच, वही बदलली.

---

बोरीकाठची_धाकटी_सून

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. आम्ही अमळनेर तालुक्यातले. घरात सासू-सासरे, मोठे दीर-जाऊ, आम्ही दोघं, दोन्हीकडची मिळून चार मुलं आणि दोन म्हशी. कापूस आणि रब्बीला हरभरा. मी गावातल्या बचत गटाची सचिव आहे. लिहिण्याची सवय तिथेच लागली.

आधी हे सांगते की खास कुटुंबासाठी म्हणून जी ॲप मिळतात, त्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. बरीचशी इंग्रजीत असतात, चांगल्या सोयींना पैसे मागतात, आणि घरातल्या प्रत्येकाला नवीन काहीतरी शिकवत बसावं लागतं. आमच्याकडे फक्त दोन गोष्टी आहेत, गूगल कॅलेंडर आणि गूगल कीप, म्हणजे नोंदी-याद्यांचं ॲप. फोनची भाषा मराठी केली की दोन्ही मराठीत दिसतात. सासूबाईंच्या फोनवर मी तेच करून दिलं.

गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये फॅमिली कॅलेंडर आपोआप मिळतं, पण त्यात सगळी मिळून सहाच माणसं बसतात. तुमच्या घराला ते पुरेल. आमच्यासारख्या खटल्याला नाही पुरत, म्हणून मी कॉम्प्युटरवर बसून दोन वेगळी कॅलेंडरं तयार केली, ‘घर’ आणि ‘शेत’, आणि ती सगळ्यांच्या ईमेलला शेअर केली. शेअर करताना नुसती बघण्याची नाही तर बदल करण्याची परवानगी द्या. नाहीतर सगळे बघत बसतात आणि लिहायचं आपल्यालाच उरतं.

आता ‘शेत’ वेगळं का, ते सांगते, कारण आमच्या घराचं अर्धं वेळापत्रक लाईटवर चालतं. आमच्या फीडरवर शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की दीर किंवा हे, दोघांपैकी एक जण मळ्यात असतो. मोटर चालू करायची, पिकाला बारे (पाणी) द्यायचे, मध्येच लाईट गेली तर आल्यावर पुन्हा चालू करायची. सकाळी घरी येतात तेव्हा डोळे लाल झालेले असतात. पूर्वी नेमकं त्याच सकाळी कोणीतरी म्हणायचं, नानांना (सासऱ्यांना) धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आता ‘लाईट रात्री’ अशी नोंद टाकली आणि ती दर दोन आठवड्यांनी आपोआप येईल असं लावून दिलं. डॉक्टरची तारीख घेताना जाऊबाई दवाखान्याच्या खिडकीवरच फोन उघडून बघतात, तो आठवडा असेल तर पुढची तारीख मागतात. लाईटचं वेळापत्रक बदललं की एक नोंद उघडायची, बदलायची आणि ‘ही आणि यापुढच्या’ निवडायचं. मागचं तसंच राहतं, पुढचं सगळं सरकतं.

ताई, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नोंद लिहायची रीत. नुसतं ‘डॉक्टर ११ वाजता’ लिहून काही उपयोग नाही. आम्ही असं लिहितो: ‘नाना, डोळे, धुळे, नेणार: भाऊ’. कोणाचं, काय, कुठे, आणि कोण करणार. चौथी गोष्ट ठरली नसेल तर ‘नेणार: ?’ असं ठेवायचं. ते प्रश्नचिन्ह सगळ्यांच्या फोनवर दिसतं आणि ज्याला जमेल तो तिथे आपलं नाव टाकतो. मागच्या वेळी मुलीच्या शाळेतल्या सभेपुढे प्रश्नचिन्ह होतं, तिथे दिरांनी स्वतःचं नाव लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. घरातलं काम न सांगता उचललं गेलं याचं मला किती समाधान वाटलं, ते बायकांना कळेल.

किराणा आणि दवाखान्याची यादी मात्र कॅलेंडरमध्ये नको. ती कीपमध्ये, चौकोन असलेली यादी करून जाऊबाईंशी शेअर केली आहे. त्या अमळनेरला बाजारात असतात आणि मी इथून ‘हिंग’ लिहिते, त्यांना तिथे दिसतं. घेतलं की टिक करतात, मला इथे खोडलेलं दिसतं. सासूबाई माइक दाबून बोलतात, मराठी बरोबर उमटतं. अहिराणी बोलल्या की भलतंच येतं, म्हणून यादीपुरतं त्या शाळेतल्यासारखं मराठी बोलतात.

सणवारांचं एक लक्षात ठेवा. वाढदिवस दरवर्षी आपोआप येईल असं लावता येतं, तिथीचं तसं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशची देवी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. रोटाचे (नैवेद्याचे) गहू त्याआधी निवडून दळून व्हायला हवेत, सगळे भाऊबंद गोळा होतात, पुण्या-सुरतेहून येणाऱ्यांना रजा टाकायला वेळ लागतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा येतात. इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. म्हणून नवीन कालनिर्णय घरात आलं की आम्ही सासूबाईंना मध्ये बसवतो. त्या पानं उलटत एकेक सांगतात आणि म्हणतात, “हाई फोनमा टाक वं माय.” कानबाईच्या दोन आठवडे आधीची ‘गहू’ ही नोंद त्यांनीच सुचवलेली. उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया कधी घालायच्या तेही त्याच ठरवतात, कारण त्या दिवसांत गल्लीतल्या बायकांना हाताशी धरावं लागतं.

---

भुसावळची_शिक्षिका

वहिनी, किती मनापासून लिहिलंत. प्रश्नचिन्हाची रीत मी आजपासून धरते. आणि काका, रेस्टचा पट्टा ही तर माझ्या डोक्यातच आली नव्हती अशी गोष्ट.

एकच भीती आहे. हे सगळं उभं करून देणारीही मीच आणि रोज भरत बसणारीही मीच, असं व्हायला नको. शाळेचे ऑनलाइन अहवाल भरून आधीच बोटं दुखतात. आणि सासऱ्यांच्या साध्या फोनचं काय करू?

---

जळगाव_एमआयडीसी

ताई, माझे आई-वडील जामनेरजवळ गावी, मी जळगावला, बहीण पुण्यात. आम्ही कॅलेंडर वापरतो, पण म्हाताऱ्या माणसांना कॅलेंडरच्या सूचनेवर सोडू नका, या मताचा मी आहे. टुण्‌ असा एक आवाज येतो आणि जातो. गोळ्यांसाठी सरळ फोनचा अलार्म लावा. त्याला नाव देता येतं, ‘जेवणाआधीची पांढरी गोळी’. तो बराच वेळ वाजत राहतो. आईच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मी आणि बहिणीने शेअर केलेल्या एका कीप नोटमध्ये ठेवले आहेत, खाली डॉक्टरांनी शेवटच्या वेळी काय बदललं ते. आता आईला कोणीही दवाखान्यात नेलं, अगदी शेजारचा मुलगा असला, तरी ती नोट उघडून डॉक्टरांना दाखवता येते.

दुसरं, आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमध्ये पोरंटोरं असतात, फोन हातोहात फिरतात. ज्याचे त्याचे कागद त्याच्या डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या सरकारी ॲपमध्ये. मुलगी दहावीला आहे म्हणालात, तिचं खातं आत्ताच उघडून ठेवा, बोर्डाची गुणपत्रिका तिथे मिळते.

आणि व्हॉट्सॲप अगदीच सोडू नका. आठवड्यातली दोन-तीन मोठी कामं ग्रुपमध्ये पिन करा. तीन मेसेजपर्यंत पिन राहतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. वरती चिकटून असल्यामुळे सुप्रभातखाली जात नाहीत.

---

बोरीकाठची_धाकटी_सून

पिनचं दादांनी छान सांगितलं, आणि अलार्मचं मला पटलं. आमच्या नानांनाही लावते.

ताई, तुमची भीती अगदी खरी आहे. आमच्या घरी मी एकच नियम ठरवून घेतला, आणि तो सगळे जेवायला बसलेले असताना सांगितला: निरोप ज्याच्याकडे आला, नोंद त्याने करायची. शाळेच्या ग्रुपवर सूचना दिरांच्या फोनवर आली तर ती तेच टाकणार. खतवाल्याने यांना तारीख दिली तर हेच टाकणार. “तू टाकून दे ना” म्हटलं की मी सरळ सांगते, निरोप तुमचा, हात तुमचा. सुरुवातीला दिरांना टाइप करायचा कंटाळा होता, आता बोलून टाकतात. तुमची मुलगी दहावीची आहे, तिची सराव परीक्षा आणि क्लास तिलाच टाकू द्या. बोर्डाच्या परीक्षेत पेपरच्या आदल्या रात्री कोणता पेपर, ते आईने आठवण करून द्यायची पाळी येऊ नये. मुलगा पाचवीतला, त्याला तुम्ही शेजारी बसून एकदा दाखवा. आमचा चौथीतला प्रकल्पाची तारीख स्वतः लिहितो आणि मग त्या तारखेचा त्याला अभिमान असतो.

साहेबांचं तर सोपं आहे. रनिंग रूमला पोचल्यावर फोन चालू केला की कॅलेंडर उघडायचं, प्रश्नचिन्हं बघायची, आणि त्या काकांनी सांगितलेला ‘घरी’चा पट्टा साइन ऑफ झाल्यावर त्यांनीच टाकायचा. तुम्ही टाकायचा नाही. त्यांची ड्यूटी त्यांना कळते.

सूचनेचं एक नीट करून घ्या, नाहीतर सगळ्यावर पाणी. शेअर केलेल्या कॅलेंडरमध्ये सूचना ज्याची त्याने आपल्या फोनवर लावायची असते. तुम्ही नोंद करताना ‘एक तास आधी’ लावलंत तर ते तुमच्या फोनवर वाजेल, साहेबांच्या नाही. म्हणून प्रत्येकाचा फोन हातात घेऊन, ‘घर’ कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा आदल्या रात्रीची आणि त्या दिवशीची सूचना लावून द्या. पूर्ण दिवसाच्या नोंदीची सूचना तिथेच वेगळी असते, तीही बघा. आमच्याकडे आदल्या रात्री आठची आहे, कारण तेव्हा सगळे घरी असतात आणि बोलून ठरवता येतं.

सासऱ्यांसाठी कागद. कॉम्प्युटरवरून कॅलेंडर महिन्याचं छापता येतं, शाळेतल्या प्रिंटरवर नको, बाहेर झेरॉक्सवाल्याकडे काढा. मोठ्या अक्षरात हवं असेल तर पूर्ण महिना नको, एकेक आठवडा छापा. बाजाराच्या दिवशी येतात ना, तेव्हा पुढच्या आठवड्याचा कागद हातात द्या आणि त्यांच्या बागेच्या तारखा त्याच वेळी विचारून ‘शेत’मध्ये टाका. ठिबकमधून खत कधी, कापणीला व्यापारी कधी येतो म्हणाला. घड कापायचे ठरले की ती तारीख मागेपुढे होतेच, त्यामुळे तीपुढेही प्रश्नचिन्ह ठेवा आणि आदल्या दिवशी त्यांना फोन करायचं काम नातवाला द्या. आजोबांशी तेवढंच बोलणं होतं.

सेटिंगमध्ये कुठे अडलं तर इथेच विचारा. संध्याकाळी धारा काढून झाल्या की मी बघते.