आरसा की मुखवटा?

व्यंगचित्र म्हणजे लोकभावनेचा आरसा, हे मत मला अर्धेच पटते. आरसा समोर असेल तेवढेच दाखवतो. व्यंगचित्रकार मात्र विखुरलेल्या रागाला एक चेहरा देतो. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या 'मार्मिक' या बाळ ठाकरे यांच्या व्यंगचित्र-साप्ताहिकाने मुंबईतल्या मराठी तरुणांच्या नोकरीच्या प्रश्नाला दाक्षिणात्य माणसाचा चेहरा जोडला आणि त्याच वातावरणातून १९ जून १९६६ रोजी शिवसेना उभी राहिली. बाळ ठाकरे यांच्याबरोबर 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये काम केलेल्या, मूळच्या म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांनी मात्र आपल्या व्यंगचित्रांतला 'सामान्य माणूस' मूक ठेवला. त्याचे लक्ष्य सहसा सत्ताधारीच असत.

बेळगावात हा फरक जवळून कळतो. आमच्या घरी आजोबांच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून सीमाप्रश्नावरचे (बेळगाव महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे, या वादावरचे) एक कात्रण खळीने चिकटवलेले आहे: साखळदंडात जखडलेली नऊवारीतली बाई आणि शेजारी पहाऱ्यावर पिळदार मिशांचा कानडी माणूस. बेळगाव महाराष्ट्राला देऊ नये असे सांगणाऱ्या १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानंतरचा त्यातला संताप खरा आहे (१९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, त्या १ नोव्हेंबरला आम्ही आजही काळा दिन पाळतो), आणि तो कोणी हलका लेखू नये. परंतु ज्या कन्नड कापडदुकानदाराने आजोबांना खडे बाजारात वर्षानुवर्षे विनातक्रार उधारी दिली, त्याला त्या चित्रात जागा नव्हती. शिफारस आयोगाची होती, मिशा मात्र शेजाऱ्याला चिकटल्या.