“मावशी, पर्स पडली तुमची” : चोराला वाट करून दिली, चुकलं का माझं?

रामबागवाला (धागाकर्ता)

परवा संध्याकाळी साडेसहाला इंदूरच्या राजवाड्यावरून सिटी बस धरली. राखी तोंडावर, त्यामुळे कपडा मार्केट आणि सराफ्यातली सगळी गर्दी पिशव्यांसकट गाडीत. मला अन्नपूर्णेला उतरायचं होतं. एक हात वर दांडीला, दुसऱ्या हातात कचोरीचा पुडा, असा उभा होतो.

समोर सत्तरीच्या एक मावशी. मघाशी फोनवर लेकीशी मराठीत बोलत होत्या, म्हणून आपल्यातल्या हे कळलं. खांद्याला कापडी झोळा, त्याची चेन अर्धवट उघडी. त्यांच्या मागे अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, हातावर जॅकेटची घडी. पाऊस नाही, थंडी नाही, मग जॅकेट कशाला, हे माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत एक स्टॉप गेला. मग ते जॅकेट झोळ्यावर टेकलं, खालून दोन बोटं आत गेली आणि लाल रंगाची छोटी पर्स जॅकेटखाली गुडुप. हात काही फार साफ नव्हता. साफ असता तर मला दिसलंच नसतं.

पोराची आणि माझी नजरानजर झाली. मी पाहिलंय हे त्याला कळलं.

ओरडणार होतो. पण मी कॉलेजात असताना, नगरसेवेच्या मिनीबसच्या जमान्यात, नवलख्याला एका माणसाला गाडीतून ओढून लोकांनी मारलेलं पाहिलंय. तो ओरडायचा थांबला तरी लोक थांबेनात. पाकीट त्याच्याजवळ सापडलंच नाही. ते चित्र इतक्या वर्षांनीही जात नाही. तर मी त्या पोराच्या डोळ्यांत बघत मोठ्याने म्हणालो, “मावशी, पर्स पडली तुमची, खाली बघा!”

आणि खरंच पडली. त्याने सोडली. टप्पकन मावशींच्या पायाशी.

मग गाडीत एकच गिल्ला. “अरे, इसी ने निकाला होगा!” चौकडीचा शर्ट घातलेले एक सद्‌गृहस्थ तर पार मागून “पुलिस में दो साले को, बस रुकवाओ” म्हणून गरजत पुढे आले. कंडक्टर “टिकट, टिकट” करत राहिला. महूनाक्याला दार उघडलं आणि पोरगं पसार. मग सगळे माझ्यावर घसरले. “आपने देखा था ना? छोड़ क्यों दिया?”

पर्समध्ये ३४० रुपये होते आणि सराफाची पावती. मावशींनी बांगडी सांधायला टाकलेली, नातीसाठी.

बायको म्हणाली, बरं केलंत. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही त्याला फुकटात शिकवणी दिलीत. घरात मामला एकास एक आहे, म्हणून इथे टाकतोय.

नर्मदेहर

अगदी बरोबर केलंत. पर्स मिळाली, पोराचं डोकं फुटलं नाही. विषय संपला.

गंगवालचा_मुसाफिर

कोणाचा विषय संपला? मावशींचा संपला. पुढच्या गाडीत जी दुसरी मावशी असेल तिचा आता सुरू होईल.

माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी गंगवाल बसस्टँडवरून धारची गाडी पकडताना फोन गेला. फोनचं दुःख नाही. त्यात वडिलांचे आवाज होते, जाण्याआधी महिनाभर ते रोज बारीकसारीक निरोप पाठवायचे, “येताना शेव आण, पण तिखट नको” असले. कुठे उतरवून ठेवायचं सुचलं नव्हतं. मी खिसे चाचपत असताना शेजारचा इसम शांतपणे म्हणाला, “हाँ भिया, मैंने देखा था, पर पंगा कौन ले.” ठाण्यात गेलो तर अर्जावर ‘चोरी’ लिहू देईनात, ‘गुम’ लिहा म्हणे. म्हणजे चोर नाहीच, माझाच धांदरटपणा! त्या दिवसापासून मला सगळ्यात जास्त राग चोराचा येत नाही, बघणाऱ्याचा येतो.

रामबागवाला

वाचून वाईट वाटलं. पण तो इसम गप्प बसला, मी गप्प नव्हतो.

गंगवालचा_मुसाफिर

मान्य, तुम्ही बोललात. पण जे बोललात ते खोटं होतं. पर्स पडली नव्हती.

वकीलबाई

कायद्याचं मीठ टाकते थोडं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७९ गेलं, नव्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३. त्यात वस्तू लबाडीच्या हेतूने जागची हलवली की चोरी पूर्ण. नंतर सोडली, पायाशी टाकली, तरी झालेली चोरी पुसली जात नाही. त्यामुळे ‘पडली’ म्हणून रामबागवाल्यांनी गुन्हा वाचवला वगैरे काही नाही, गुन्हा झालाच होता.

पण याच कलमात दुसरीही बाजू आहे. माल पाच हजारांच्या आतला, दोष पहिल्यांदाच सिद्ध झालेला आणि माल परत केलेला, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे ३४० रुपयांसाठी त्या पोराला कोर्टानेही कदाचित झाडूच हातात दिला असता. आणि आपले लोक ‘पुलिस में दो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पोलीस नसतात, महूनाक्याचा फुटपाथ असतो.

गंगवालचा_मुसाफिर

बाई, पण सामान्य माणूससुद्धा चोराला पकडू शकतो असं कायदाच सांगतो ना?

वकीलबाई

सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाच्या नव्या कायद्याचं, कलम ४०. पण सरसकट नाही. डोळ्यांदेखत घडलेला गुन्हा हवा, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि पकडलेल्याला विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांत, पोलिसांकडे द्यायचं. पकडायचं म्हणजे पकडायचं. थोबाडीत दिलीत तर न्याय संहितेचं दुखापतीचं कलम ११५, आणि त्यात आरोपी तुम्ही.

जुना_खजुरीबाजार

एवढी कलमं कशाला? आमच्या वेळी साधी रीत होती. गाडीत पाकीट गेलं की दार बंद, ड्रायव्हरला सांगायचं, गाडी थेट ठाण्यात घे. ठाणं दिसायच्या आत पाकीट कोणाच्या तरी सीटखाली आपसूक सापडायचं. ना मारामारी, ना भाषणं.

भंवरकुआँ_पीएससी

काका, अशाच एका गाडीत मी होतो. चाळीस माणसं ठाण्याच्या अंगणात दीड तास, माझा टेस्ट पेपर बुडाला, पाकीट मिळालंच नाही. ज्याने घेतलं तो म्हणे आदल्या स्टॉपलाच उतरलेला. एकाच्या पाकिटासाठी चाळीस जणांना कोंडायचा हक्क कोणी दिला?

जुना_खजुरीबाजार

पाकीट तुझं असतं तर हाच प्रश्न विचारला असतास का रे बाळा?

भंवरकुआँ_पीएससी

माझ्या पाकिटात लायब्ररीचं कार्ड आणि पोह्यांचे वीस रुपये असतात. न्या म्हणावं.

पलासियाची_ताई

माझा आक्षेप वेगळाच आहे, कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे चोराचं काय झालं यावर भांडताय. मावशींचं काय झालं?

सत्तरीची बाई. चेन उघडी राहिली होती एवढीच तिची चूक. तिच्या झोळ्यातून कोणीतरी पर्स काढली, आणि भर गाडीत तिला काय ऐकू आलं? तुमची पर्स पडली. माझी सासू याच वयाची आहे. चष्मा सापडला नाही तरी तिचा चेहरा उतरतो, आता आपलं काही खरं नाही म्हणते. चोराची अब्रू राखायला तुम्ही धांदरटपणा त्या बाईच्या पदरात टाकलात. मुसाफिरांना ठाण्यात ‘गुम’ लिहायला लावलं, तेच हे.

रामबागवाला

ताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आता आठवतंय. लोक त्या पोराकडे बोट दाखवत होते तरी मावशी म्हणत होत्या, “नाही हो, तो कशाला घेईल, हल्ली माझ्याच हातून सगळं निसटतं.” मला तेव्हा ते बरं वाटलं होतं, म्हणजे त्या घाबरल्या नाहीत म्हणून.

नर्मदेहर

ताई, जरा ताणताय. पर्स परत मिळण्यापेक्षा मान मोठा का?

पलासियाची_ताई

तुमची पर्स नसते म्हणून तुम्हाला तसं वाटतं. आणि ओरडून काय होतं तेही मी पाहिलंय. गीता भवनला एकाचा हात माझ्या बॅगेत धरला होता, शब्दशः मनगट धरलं होतं. तो माझ्याहून मोठ्याने ओरडला, “मॅडम, हाथ क्यों पकड़ रही हो?” अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली, त्याच्याकडे नाही. दोन जण तर हसले. तेव्हापासून त्या वेळेची बस मी सोडली. तो अजून तीच पकडत असेल. म्हणून मी ओरडा म्हणत नाहीये. ‘मावशी, झोळा सांभाळा, हात घातलाय त्यात’ एवढं म्हटलं असतं तरी पर्स खाली पडलीच असती.

वाचनमात्र_होतो

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आठवला. १९७५ साली छापून आला, मोरिआर्टी नावाच्या संशोधकाचा, न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर केलेला. एक जण वाळूत चादर पसरून रेडिओ लावून बसायचा, मग उठून फिरायला जायचा. मग ठरलेला ‘चोर’ येऊन तो रेडिओ उचलून चालू लागायचा. शेजारी बसलेल्या माणसाने चोराला हटकलं अशा वेळा वीसपैकी चार. पण जाताना रेडिओवाला शेजाऱ्याला ‘जरा लक्ष ठेवता का’ म्हणाला असेल तर? वीसपैकी एकोणीस. माणसं उठून मागे धावली, काहींनी रेडिओ हिसकावून घेतला.

तेव्हा मावशींनी गाडीत चढल्याबरोबर शेजारच्याला ‘जरा झोळ्याकडे बघाल का’ म्हणायला हवं होतं. रेल्वेत आपण हे करतोच की, पाणी भरायला उतरताना. सिटी बसमध्ये करत नाही.

गंगवालचा_मुसाफिर

आणि शेजारी नेमका जॅकेटवाला उभा असला तर? ‘हो हो मावशी, बघतोच आहे’ म्हणेल.

वाचनमात्र_होतो

😄 त्यावर प्रयोग झालेला नाही.

सुखलिया_एक्स्प्रेस

माझं मत, हे सगळं बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी राखीव लेन, गेल्यामुळे. २०१३ पासून त्या लेनमधल्या आयबसला स्टेशनातच तिकीट, बंद दारं, कॅमेरे. २०२५च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने कॉरिडॉर काढायला परवानगी दिली आणि संपलं.

भंवरकुआँ_पीएससी

राजवाडा ते अन्नपूर्णा बीआरटीएस कधी होता, भिया? तो एबी रोडवर होता. विषय काय, गाडी कुठली.

जुना_खजुरीबाजार

आणि ओळखायचं काय त्यात? त्या बायका कडेवर पोरं घेऊन घोळक्याने चढतात तेव्हाच समजायचं आणि पाकीट पुढच्या खिशात घ्यायचं.

वकीलबाई

काका, इथे थांबा. तुमच्या डोळ्यासमोर कोणत्या जमाती आहेत ते मला कळलंय. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली गेला. आपल्या नजरेतून जायला अजून किती वर्षं? रामबागवाल्यांच्या गोष्टीत चोरी जॅकेटवाल्याने केली. घोळका नव्हता, कडेवर पोर नव्हतं.

जुना_खजुरीबाजार

मी जमातीचं नाव घेतलं नाही. अनुभव सांगितला.

वकीलबाई

नाव घ्यावं लागत नाही, तेच म्हणतेय.

रिटायर्ड_रोडवेज

सर्व वाचले. मी रोडवेज बंद पडेपर्यंत कंडक्टर होतो, या लोकांना जवळून पाहिले आहे. तुम्ही मंडळी एकट्या पोराचा हिशेब मांडताय. गर्दीच्या गाडीत नवशिका एकटा कधी चढत नाही. एक जण धक्का देतो किंवा वाट अडवतो, दुसरा काढतो, आणि काढलेला माल लगेच तिसऱ्याकडे जातो. म्हणून तर झडती घेतली तरी काढणाऱ्याजवळ काही सापडत नाही. (तुमचा नवलख्याचा माणूस आठवा. तो चोर होता की नव्हता, कोण सांगणार?) हा तिसरा सर्वांत नीटनेटका असतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कधी हातात फाईल. काम फसले की तोच सर्वांत मोठ्याने बोंब मारतो, गर्दी आपल्याकडे ओढतो, पोराला दारापर्यंत जायला वाट होते.

रामबागवाले, एकच विचारतो. चौकडीच्या शर्टाचे गृहस्थ कुठे उतरले?

रामबागवाला

महूनाक्याला. पोराच्या मागोमाग. मला वाटलं पकडायला धावले.

गंगवालचा_मुसाफिर

घ्या!

नर्मदेहर

अरे देवा.

वकीलबाई

घ्या काय? एक माणूस चोरावर ओरडला आणि त्याच्या मागे उतरला. अख्ख्या गाडीत मुसाफिरांना हवं होतं तसं वागणारा तेवढा एकच निघाला, आणि आता तोच चोर? उद्यापासून गाडीत कोणी तोंड उघडेल का?

रिटायर्ड_रोडवेज

मी चोर म्हटले नाही. कुठे उतरले एवढेच विचारले.

गंगवालचा_मुसाफिर

वकीलबाईंचं पटतंय आणि नाहीही पटत. तो माणूस खरा असेल तर मला त्याला चहा पाजायचाय. खोटा असेल तर रामबागवाल्यांनी पोराला धरूनही काही उपयोग नव्हता, ‘पुलिस में दो’ म्हणत त्यानेच सोडवून नेला असता. तरी माझं मत बदललेलं नाही हां. पोराचा फोटो तरी काढायचा होता.

भंवरकुआँ_पीएससी

एक हात दांडीला, एका हातात कचोरी. फोटो काय पायाने काढणार?

रामबागवाला

कचोरी चेंगरली, ते सांगायचं राहिलंच.

सगळ्यांचं वाचतोय. पोराला सोडल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही, मुसाफिर माफ करा. पण ताईंचं बोलणं काल रात्रभर डोक्यात होतं. मावशी अन्नपूर्णेलाच उतरल्या, देवळाच्या बाजूने गेल्या. बांगडी परत आणायला बुधवारी पुन्हा सराफ्यात जाणार असं लेकीला फोनवर सांगत होत्या. मी त्या दिवशी तीच गाडी धरणार आहे. भेटल्या तर सांगतो, पर्स पडली नव्हती.

पलासियाची_ताई

सांगा. आणि गाडीत नको, खाली उतरल्यावर सांगा.

गंगवालचा_मुसाफिर

झोळ्याची चेनही लावून घ्या म्हणावं. महूनाक्याला झाडाखाली एक जण बसतो, वीस रुपयांत बसवून देतो.