प्रतिसाद: स्किमर सम्पच्या कुठल्या कप्प्यात?
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या सम्पमध्ये (टाकीखालची फिल्टरची पेटी) स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, रिटर्न पंपाशेजारी (पाणी वर टाकीत परत ढकलणारा पंप) ठेवू का, असं विचारलंयत. नका ठेवू. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते नेमकं त्याच कप्प्यात. पातळी दोन बोटं उतरली की फेस स्किमरच्या घाण साठवणाऱ्या कपापर्यंत चढतच नाही. फिल्टर सॉकनंतरच्या (पाणी गाळणारी कापडी पिशवी) कप्प्यात ठेवा, तिथे मधल्या काचेमुळे पातळी हलत नाही. बऱ्याच मॉडेलना 18 ते 23 सेंमी खोल पाणी लागतं. नवा स्किमर पहिले काही दिवस वेडावाकडा वागतो, लगेच दुकानदाराशी भांडू नका.

आणि सम्प काठोकाठ भरू नका! माझ्याकडे रात्री लाइट गेली, टाकीतलं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं आलं, हॉलभर खारं पाणी. आता पाइपला टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छिद्र पाडलंय, तिथे हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो. शेवाळाने ते बुजतं, म्हणून दर रविवारी टूथपिक फिरवतो.