गॅलरीने रिप्रेझेंट करावं यासाठी सुरुवात कशी करायची?

चारकोल_आणि_मी
मी ऑइल आणि चारकोलमध्ये काम करते, चित्रं मोठी असतात, बहुतेक रिकाम्या खोल्या आणि त्यात येणारा उजेड. ग्रुप शो झालेत, ऑनलाइन थोडीफार विक्रीही होते, पण आता एखाद्या गॅलरीने मला घ्यावं असं मनापासून वाटतंय. मेल टाकायची, थेट जाऊन भेटायचं, की ओळखच लागते? आणि कमिशन खरंच ५० टक्के असतं का, ऐकूनच धस्स झालं.

जलरंगवेडा
चित्रं काखेत मारून थेट जाऊ नका, तिथे माणसं शोच्या किंवा गिऱ्हाइकाच्या गडबडीत असतात आणि तुमचं काम धड बघितलंच जात नाही. आधी नुसतं बघायला जा. त्यांचे मागचे शो बघा, कोणाला दाखवतात, ते आर्टिस्ट साधारण तुमच्याच टप्प्यावर आहेत का, भिंती केवढ्या आहेत. छोट्या प्रिंट्स विकणाऱ्या ठिकाणी तुमची सहा फुटी चित्रं कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. जुळतंय असं वाटलं तरच मेल, आणि तीही त्याच गॅलरीसाठी लिहिलेली, सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट केलेली लगेच ओळखू येते. दहा-बारा इमेज पुरे, पण एकाच सिरीजच्या, प्रत्येकीखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, साइज. चारकोल काचेमागे असेल तर फ्रेम करायच्या आधीच फोटो काढा, नाहीतर काळ्या भागात खिडकी आणि तुम्हीच दिसता. एक फोटो भिंतीवर लावलेल्या चित्राचा हवा, शेजारी खुर्ची वगैरे असली की आकार लगेच कळतो. आणि सबमिशन घेत नाही असं साइटवर लिहिलं असेल तर त्याचा मान ठेवा.

बिनफ्रेमचा
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते मेलपेक्षा दुसरे आर्टिस्ट जास्त कामाला येतात. न्यूयॉर्कचा गॅलरीवाला लिओ कॅस्टेली १९५७ मध्ये रॉशेनबर्ग या चित्रकाराचं काम बघायला गेला होता, त्याच इमारतीत जॅस्पर जॉन्स या दुसऱ्या चित्रकाराचा स्टुडिओ होता, तोही बघितला आणि १९५८ च्या जानेवारीत जॉन्सचा सोलो शो केला, त्यातली चित्रं न्यूयॉर्कच्या मोमाने (तिथलं आधुनिक कलेचं मोठं म्युझियम) घेतली. एवढं सगळ्यांचं होत नाही हे मान्य, पण गॅलरीवाले त्यांच्याकडच्या आर्टिस्टला विचारतातच की सध्या कोणाचं काम चांगलं चाललंय. म्हणून ओपनिंगला जात राहा, दुसऱ्यांच्या कामाबद्दल मनापासून बोला, स्टुडिओत बोलवा. पहिल्याच भेटीत फोन काढून स्वतःची चित्रं दाखवायला लागू नका एवढंच.

कन्साइनमेंट
कमिशनबद्दल. ४० ते ५० टक्के सर्रास चालतं, त्यात धस्स होण्यासारखं नाही, जागा, लाइट, ओपनिंगचा खर्च आणि मुख्य म्हणजे कलेक्टरशी वर्षानुवर्षं जपलेलं नातं हे सगळं त्यातच येतं. धस्स व्हायला हवं ते शो करायचे आधी पैसे भरा म्हणणाऱ्यांना बघून, कारण त्यांची कमाई तुमच्याकडूनच झालेली असते, मग चित्र विकायची त्यांना घाई कशाला असेल. आणि नातं कितीही गोड असू दे, लेखी घ्या. चित्र विकलं जाईपर्यंत मालकी तुमचीच, दिलेल्या प्रत्येक चित्राची किंमतीसकट यादी, विकल्यावर पैसे किती दिवसांत, डिस्काउंट दिला तर तो कोणाच्या वाट्यातून, नेण्या-आणण्याचा खर्च आणि इन्शुरन्स कोणाचा. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आमच्याकडूनच विका, असं म्हणाले तर कुठल्या भागापुरतं आणि किती काळ तेही विचारा.

चारकोल_आणि_मी
खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. फोटो परत काढायला घेते. एक राहिलं, मी ऑनलाइन विकते त्या किमती गॅलरीपेक्षा कमी ठेवल्या तर चालतं का?

कन्साइनमेंट
नाही, अजिबात नको. तेच चित्र तुमच्याकडे अर्ध्या किमतीत मिळतंय कळलं की कलेक्टर तुमच्याकडे येतो आणि गॅलरी तुम्हाला सोडते. गॅलरीशी बोलायच्या आधीच किमती साइज आणि माध्यमाप्रमाणे ठरवा आणि सगळीकडे त्याच ठेवा. आत्ताच्या किमतीत अर्धा वाटा गेल्यावर कॅनव्हास-फ्रेमचा खर्चही निघत नसेल तर हळूहळू वाढवायला आजपासूनच लागा.