वैषम्य, स्वैराचार, संस्कार : ढाक्याहून आलेले ओळखीचे शब्द

दिवाळी अंकासाठी एक बंगाली लेख मराठीत करते आहे. विषय आहे बांगलादेशातला २०२४ चा विद्यार्थ्यांचा उठाव आणि त्यानंतर नवी घडी बसवण्याची खटपट. बंगाली मला वाचण्यापुरतं येतं. अवघड शब्दांना कोश आहे, त्यांचं काही वाटत नाही. मला अडवलं ते ओळखीच्या शब्दांनी.

पहिल्याच पानावर आंदोलनाचं नाव आहे : वैषम्यविरोधी छात्र आंदोलन. सगळे शब्द आपलेच, म्हणून तसेच ठेवले आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मनात वैषम्य धरू नये म्हणून आंदोलन? गुणी पोरं आहेत." तिथे पेन खाली ठेवलं.

पुढे 'स्वैराचारी सरकार' आहे, 'संविधान संस्कार कमिशन' आहे. आणि पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्यावर जे सरकार आलं त्याला आपल्याकडे हंगामी, अंतरिम, काळजीवाहू अशी तीन नावं मी एकाच आठवड्यात वाचली. नेमकं कोणतं? जाणकारांनी मदत करावी.

—

ताई, माझं लहानपण कलकत्त्यात गेलं. घरात मराठी, गल्लीत बंगाली. त्यामुळे या जुळ्या शब्दांचे चटके पुष्कळ खाल्ले आहेत.

वैषम्य मूळचं 'विषम'वरून, म्हणजे सम नसणं. बंगालीनं तो अर्थ बाहेरच्या जगाला लावला : असमान वागणूक, भेदभाव. आपण तो मनात नेला. आपल्याला वैषम्य 'वाटतं'. शेजाऱ्याला बढती मिळाली की वाटतं ते. ढाक्याच्या मुलांचं म्हणणं वाटण्याबद्दल नव्हतं, टक्क्यांबद्दल होतं. सरकारी नोकऱ्यांत ५६ टक्के जागा राखीव होत्या, त्यातल्या ३० टक्के १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या मुलानातवंडांना. २०१८ मध्ये आंदोलन झाल्यावर वरच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतली ही पद्धत रद्द झाली. ५ जून २०२४ ला उच्च न्यायालयानं ते रद्द करणंच बेकायदा ठरवलं आणि ठिणगी पडली. पुढे २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागानं ९३ टक्के जागा गुणवत्तेवर द्यायला सांगितल्या, पण तोवर रस्त्यावर रक्त सांडलं होतं आणि प्रश्न नोकऱ्यांचा उरला नव्हता. तेव्हा 'भेदभावविरोधी विद्यार्थी आंदोलन' करा. 'विषमताविरोधी'ही चालेल, विषमता निर्मूलन हा शब्द आपल्या चळवळींत मुरलेला आहे. पण विषमता म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी जात आणि जमीन येते. इथे सरकारनं केलेला फरक आहे, म्हणून मी भेदभाव घेईन.

स्वैराचाराची गंमत त्याहून मोठी. मराठीत हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतो आणि रोख तरुणांवर असतो. 'स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे' हे वाक्य न लिहिता आपल्यापैकी कोणी शाळेतला निबंध पुरा केला असेल असं वाटत नाही. बंगालीत बोट बरोबर उलट्या दिशेला. तिथे स्वैराचार करतो तो सत्ताधारी : कोणाला न जुमानता राज्य हाकणारा. १९८७ च्या १० नोव्हेंबरला लष्करशहा इर्शादच्या विरोधात नूर हुसेन नावाचा तरुण उघड्या अंगावर घोषणा रंगवून मोर्चात उतरला. छातीवर 'स्वैराचार निपात जाक' आणि पाठीवर 'गणतंत्र मुक्ति पाक'. त्याच दिवशी तो गोळीला बळी पडला. यातला 'निपात जाक' म्हणजे आपला निःपात होवो, 'मुक्ति पाक' म्हणजे मुक्ती मिळो. 'गणतंत्र' मात्र पुन्हा फसवं : तिकडे त्याचा अर्थ लोकशाही. हिंदीच्या ओढीनं प्रजासत्ताक लिहाल तर घोटाळा होईल. स्वैराचारी सरकारला 'एकतंत्री' किंवा सरळ 'हुकूमशाही' म्हणा.

राहिला संस्कार. बंगालीत संस्कार म्हणजे सुधारणा. रस्त्याचाही संस्कार होतो, जुन्या घराचाही होतो. २०२४ च्या शेवटी तिकडे निवडणूक व्यवस्था, पोलीस, न्यायसंस्था, राज्यघटना अशा एकेका विषयावर संस्कार कमिशनं नेमली गेली. आपल्याला संस्कार म्हटलं की शुभंकरोती आठवतं, फार तर अंत्यसंस्कार. त्यामुळे 'घटना सुधारणा आयोग' करा. 'घटनादुरुस्ती' नको. दुरुस्ती म्हणजे एखादं कलम बदलणं. इथे घराचे वासे बदलायचे की नुसता रंग द्यायचा, यावरच चर्चा होती.

—

वरच्या प्रतिसादाला जोडून. त्या घटना आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये जो अहवाल दिला त्यात एक शिफारस खास आपल्या कामाची आहे. देशाच्या बंगाली नावात 'प्रजातंत्र' आहे : गणप्रजातंत्री बांगलादेश. आयोग म्हणाला, प्रजा म्हटलं की समोर राजा आलाच, तेव्हा प्रजातंत्राऐवजी 'नागरिकतंत्र' म्हणा आणि देशाचं नाव 'जनगणतंत्री बांगलादेश' करा. इंग्रजी नावाला हात लावायचा नव्हता.

मला हे वाचून आपला 'प्रजासत्ताक' आठवला. दर २६ जानेवारीला म्हणतो, पण आतलं भांडण कधी कानाला लागलं नाही. प्रजा म्हणजे रयत, आणि प्रजा म्हणजे पोरंबाळंसुद्धा. तिच्या हाती सत्ता ही कल्पना एका अर्थानं जास्त धीट आहे, असं माझं मत. राजानं जिला प्रजा म्हटलं तीच आता मालक. नागरिक हा शब्द त्यामानानं नगरात राहणाऱ्याचा, जरा इस्त्रीचा. शेतात राबणारा माणूस स्वतःला नागरिक म्हणतो का, हे विचारायला हवं. पण ज्यांचा देश त्यांनी ठरवावं.

—

मी मराठवाड्यातला. लेखात 'रझाकार' आला असेलच. तो शब्द जपून वापरा.

आमच्याकडे काळ मोजायची खूण होती ती. माझी आजी सन सांगत नसे, "रझाकाराच्या वक्ताला" म्हणायची. निजामाच्या राज्यात कासिम रझवीचे रझाकार, जाळपोळ, रानात काढलेल्या रात्री आणि मग १७ सप्टेंबर १९४८. शब्दाचा अर्थ तसा निरुपद्रवी आहे : 'रझा' म्हणजे खुशी, 'कार' म्हणजे काम करणारा. आपल्या खुशीनं काम करणारा, अर्थात स्वयंसेवक. बंगालमध्येही तो असाच काळवंडला. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या मदतीला जी स्थानिक पथकं उभी केली त्यांचं नाव रझाकार. ते 'राजाकार' म्हणतात, आणि तिथे ती शिवी आहे, गद्दार या अर्थाची.

१४ जुलै २०२४ ला पंतप्रधान हसीना पत्रकारांसमोर म्हणाल्या की मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत, तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या? त्याच रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलंमुली बाहेर पडली ती हीच शिवी ओरडत : "तुमी के? आमी के? राजाकार, राजाकार!" माझ्या आजीनं ते ऐकलं असतं तर तिला घेरी आली असती. पण त्याच्यापुढची ओळ आहे "के बोलेछे? के बोलेछे? स्वैराचार, स्वैराचार!" ती वगळली तर सगळा अर्थ उलटा होतो. आपल्याकडच्या काही बातम्यांत ती वगळलेली मी पाहिली, म्हणून मुद्दाम लिहितो.

—

घोषणेच्या भाषांतराला एक सुचवणी. तिचा जीव यमकात आहे. राजाकार–स्वैराचार. 'हुकूमशहा' घातला की ती घोषणा राहत नाही, निवेदन होतं. असं करून पाहा :

तू कोण? मी कोण? रझाकार, रझाकार!
कोण म्हणतं? कोण म्हणतं? सरकार, सरकार!

—

यमक छान, पण आरोप गेला की! स्वैराचार हा ठपका होता. सरकार हे नुसतं नाव झालं.

—

नुसतं नाव नाही. मराठीत 'सरकार' म्हणजे वाड्यातला मालकसुद्धा. "होय सरकार" म्हणून हात बांधून उभा राहणारा गडी डोळ्यांपुढे आणा. त्या रात्रीची चीड त्यात बसते.

दुसरी एक घोषणा तर आयती मराठीच आहे : मागायला गेलो अधिकार, होऊन बसलो रझाकार. हिला हात लावायची गरज नाही.

—

सरकारच्या नावाकडे वळू. मी वकिलीत आहे, तेव्हा थोडं कीस काढतो.

'काळजीवाहू' ताबडतोब खोडा. आपल्याकडे काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणजे राजीनामा दिलेला, नवा येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा जुनाच माणूस. ५ ऑगस्टला तिथे जुनं कोणीच उरलं नव्हतं, पंतप्रधान भारतात येऊन पोचल्या होत्या. शिवाय बांगलादेशात या शब्दाशी मिळतीजुळती एक वेगळीच चीज होऊन गेली आहे : 'तत्त्वावधायक सरकार'. १९९६ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं ती आणली. सत्ताधारी पक्षाच्या देखरेखीखाली निवडणूक नको, म्हणून निवडणुकीपुरतं बिनपक्षाचं सरकार, नव्वद दिवसांच्या बोलीवर. २००७ मध्ये हेच नव्वद दिवसांचे पाहुणे दोन वर्षं राहिले. २०११ मध्ये हसीना सरकारनं पंधराव्या दुरुस्तीनं ती सोयच काढून टाकली. तेव्हा २०२४ मध्ये मुहम्मद युनूस यांचं जे सरकार आलं त्याला घटनेत खोलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवून ८ ऑगस्टला शपथविधी झाला. त्याचं बंगाली नाव 'अंतर्वर्तीकालीन', दोन सरकारांच्या मधल्या काळातलं. शब्दाला शब्द हवा तर 'अंतरिम'. मला 'हंगामी' आवडतो. १९४६ च्या नेहरूंच्या सरकारलाही मराठीत हंगामी सरकारच म्हणत आले आहेत.

युनूस यांचं पद 'प्रधान उपदेष्टा'. 'मुख्य सल्लागार' बरोबर आहे, फक्त एकदा कंसात सांगा की हा सल्ला देऊन घरी जाणारा गृहस्थ नव्हे, पंतप्रधानाच्या जागी बसलेला माणूस. नाहीतर वाचक विचारेल, मग निर्णय कोण घेत होतं?

—

हंगाम आणि हंगामा हे फारसीत सख्खे भाऊ आहेत. एक वेळ, दुसरा गोंधळ. हंगाम्यातून आलेलं म्हणून हंगामी! माझं मत पडलं.

जाता जाता : 'उठाव' हा शब्द आपल्याकडे बाजारातही आहे. "यंदा कांद्याला उठाव नाही." शीर्षकात 'ढाक्यात उठाव' एवढंच देऊ नका, लासलगावचा व्यापारी वेगळंच वाचेल. बांगलादेश वर्षानुवर्षं आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक राहिला आहे.

—

उठाव की क्रांती, यावर कोणीच बोललं नाही? माझ्या मते क्रांतीच म्हणायला हवं. पंधरा वर्षं सलग बसलेलं सरकार साध्या पोरांनी खाली खेचलं. नेतासुद्धा नव्हता, होते ते 'समन्वयक'.

—

समन्वयक शब्द आपल्याला नवा नाही. २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चातही नेते नव्हते, समन्वयकच होते. आणि त्या मोर्च्याच्या नावात क्रांती होती, म्हणून राज्यक्रांती झाली असं कोणी म्हणत नाही. मराठीत हा भेद सोयीचा आहे. फ्रान्समध्ये झाली ती राज्यक्रांती, कारण राज्याचा सांगाडाच बदलला. ढाक्यात राष्ट्रपती तेच राहिले, हसीनांच्या काळात निवडून आलेले, आणि युनूस यांना शपथ त्यांनीच दिली. घटनाही तीच राहिली. तिकडे सर्वांत रुळलेला शब्द 'गणअभ्युत्थान' आहे, १९६९ आणि १९९० च्या उठावांनाही तोच लावतात. आपल्याला अभ्युत्थान फक्त गीतेतून माहीत, आणि तिथे उठतो तो अधर्म. तेव्हा 'जनउठाव' बरा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार १,४०० पर्यंत माणसं मेली असावीत. त्यांच्यासाठी शब्द मोठा हवा हे मान्य, पण मोठा आणि खोटा नको.

—

सर्वांचे आभार. मजकूर पुरा केला. भेदभावविरोधी, एकतंत्री, घटना सुधारणा आयोग, हंगामी सरकार, जनउठाव. घोषणेत 'सरकार' ठेवलं. 'हसीना पायउतार झाल्या' असं लिहिलं होतं. पायउतार म्हणजे वाहनावरून उतरून पायी होणं, आणि त्या तर हेलिकॉप्टरमध्ये चढल्या. म्हणून 'परागंदा झाल्या' केलं.

लेखकाचा शेवटचा शब्द 'उत्तरण' आहे, लोकशाहीकडे होणारं. आपल्या कानाला ती घाटातली उतरण वाटते. 'संक्रमण' घातलं तर अर्धे लोक तिळगूळ मागतील आणि अर्धे मास्क लावतील. उत्तरण आणि उत्तीर्ण एकाच धातूचे निघाले, पण 'लोकशाहीत उत्तीर्ण होणं' म्हणजे निकाल लागल्यासारखं होतं. शेवटी 'लोकशाहीकडची वाट' असं साधं लिहून सोडून दिलं. कोणाला चांगलं सुचलं तर अजून दोन दिवस आहेत.

काल पहिली मुद्रितं आली. एकाच ठिकाणी लाल गोल होता. लेखात '३६ जुलैला सरकार पडलं' असं वाक्य आहे. सरकार जाईपर्यंत जुलै संपू द्यायचा नाही असं म्हणत मुलं ३१ च्या पुढेही दिवस मोजत राहिली, त्या हिशेबानं ५ ऑगस्ट. मुद्रितशोधकांनी ३६ वर काट मारून शेजारी '२६?' लिहिलं होतं. मी त्याखाली लिहिलं, '३६ च बरोबर, ठेवा.' तासाभरानं त्यांचा फोन आला, "बाई, जुलै कितीचा असतो?"